परत आलेले खोके

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मी पुस्तकांचे एक खोके रिक्षात घालून नवी पेठेत नेले आणि अर्ध्या तासाने तेच खोके त्याच रिक्षातून घरी परत आणले. घटना एवढीच आहे. सोलापूरच्या उन्हात दहाला निघून साडेदहाला परतणारी माणसे पुष्कळ असतात आणि त्यांपैकी कुणी त्यावर लेख लिहीत नाही. पण ते खोके माझ्या पलंगाखाली सरकवल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि नंतरचे कितीतरी दिवस, पोळ्या लाटताना किंवा गच्चीवर पाणी मारताना, एकच वाक्य मनात फिरत राहिले. ते वाक्य माझ्या एका विद्यार्थ्याचे होते. नववी ब, खिडकीजवळचा बाक, बाकाखाली कायम एक उघडे पुस्तक. मी त्याला त्याबद्दल दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते, आणि आता त्याने मला, म्हटले तर, दुकानाबाहेर उभे केले.

त्याचे नवी पेठेतले पुस्तकांचे दुकान मूळ त्याच्या वडिलांचे. तेव्हा तिथे वह्या, कंपास, पाठ्यपुस्तके आणि खाकी कागदाची भेंडोळी मिळत. आजही जून उजाडला की दुकान पुन्हा तसेच होते, पालकांच्या गर्दीत कवितासंग्रह मागच्या भिंतीकडे ढकलले जातात आणि जून-जुलैचे दोन महिने उरलेल्या दहा महिन्यांना पोसतात. हे तो लपवत नाही. दारातून आत शिरताच डाव्या हाताला एक लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर स्केचपेनने लिहिले आहे : ‘सोलापूरचे’. तिथे एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या आठवणी आहेत, एका डॉक्टरीणबाईंच्या कविता आहेत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर कुणी हौशीने केलेली पुस्तिका आहे. बहुतेक पुस्तके लेखकांनी स्वतःच्या पैशाने छापलेली, काहींची मुखपृष्ठे इतकी भडक की डोळे मिटावेत. तरीही ती दारात आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची देखणी पुस्तके आतल्या बाजूला. काउंटरवर एक स्टीलचा डबा आहे, घरोघरी कडक भाकरी ठेवतात तसला, त्याच्या झाकणाला चीर पाडलेली. त्या डब्यातले पैसे कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत संध्याकाळी चालणाऱ्या साक्षरता वर्गासाठी जातात. २३ एप्रिलला, म्हणजे जागतिक पुस्तकदिनी, दिवसभराच्या विक्रीतला दुकानाचा सगळा वाटा त्या डब्यात पडतो.

मी हे ऐकले होते म्हणूनच त्या वर्गाला देण्यासाठी खोके नेले होते. निवृत्तीनंतर घर आवरताना अडतीस पुस्तके बाजूला निघाली होती. बारावीची मार्गदर्शके, सहा दिवाळी अंक, कुणाच्या तरी एकसष्टीचा गौरवग्रंथ, निरोपसमारंभात भेट मिळालेल्या एकाच भाषणसंग्रहाच्या दोन प्रती, आणि संगणक शिकण्याचे एक जाडजूड पुस्तक, ज्यातला संगणक आता कुणाच्याही घरात उरलेला नाही. त्याने आधी मला माठातले पाणी दिले. मग खोके उघडले. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, उघडून, पाहून, ज्या क्रमाने बाहेर काढले होते त्याच क्रमाने पुन्हा आत ठेवले. एखाद्याच्या घरचे ताट न जेवता झाकून परत करावे इतक्या अदबीने.

“बाई, ही नकोत,” तो म्हणाला.

“का रे? चांगली आहेत. एकाचंही पान फाटलेलं नाही.”

“पान फाटलेलं नाही, खरंय. पण ज्या बायकांसाठी आपण हे करतोय, त्यांना यातलं कुठलं पुस्तक तुम्ही स्वतः हातानं द्याल, तेवढं सांगा. ते ठेवून घेतो.”

मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हते असे नाही, बाराएक उत्तरे सुचली होती आणि त्यांतली निम्मी उद्धट होती. शेवटी मी पर्समधून पाचशेची नोट काढून डब्यात टाकली. दानत म्हणून नव्हे, रागाने टाकली, हे इथे कबूल करते. त्याने शांतपणे पावतीपुस्तक पुढे ओढले, माझे नाव शुद्ध लिहिले, पाचशेची पावती फाडून दिली आणि खोके स्वतः उचलून रिक्षात ठेवले.

शिक्षकाला नकार ऐकण्याची सवय नसते, विद्यार्थ्याकडून तर मुळीच नसते. पण मला टोचत होते ते याहून वेगळे असावे. त्याचा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता आणि स्वतःलाही विचारला नव्हता. बक्षीस समारंभासाठी मी वर्षानुवर्षे पुस्तके खरेदी केली. पद्धत ठरलेली होती. अमुक इतक्या रकमेत अमुक इतके नग, सवलत जो जास्त देईल त्याच्याकडून. चाळीस टक्के सवलतीला मिळणारी, पाठीवर तिप्पट किंमत छापलेली, सुविचारांची आणि थोरांच्या गोष्टींची पुस्तके मी गठ्ठ्याने घेतली आणि टाळ्यांच्या गजरात वाटली. ती मुलांनी वाचली का, हे पाहण्याची वेळ कधी आली नाही. फुकट मिळणाऱ्याने निवड करायची नसते, असे काहीतरी आपल्या सर्वांच्या मनात तळाशी बसलेले असावे.

आणखी मागे गेले तर ते अधिक स्पष्ट दिसते. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले आणि पुढल्या काही वर्षांत त्याचा जोर गल्लीबोळांपर्यंत पोचला, तेव्हा मी नवी नवी शिक्षिका होते. संध्याकाळी आम्ही पूर्व भागात जायचो. पॉवरलूमचा खडखडाट इतका, की अक्षर फळ्यावर लिहायचे आणि ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यायचे. घराघरांत तेलुगू, बाजारात कन्नड आणि दखनी, आणि आमच्या हातात मराठी अंकलिपी. एक बाई, वयाने माझ्या आईएवढी, चार महिन्यांत सही करायला शिकली आणि रेशनच्या दुकानात तिने अंगठा देण्यास नकार दिला, याचे आम्हाला कोण कौतुक. वर्षभराने ती मला बाजारात भेटली. हसली, कडेवरच्या नातवाला माझ्या पाया पडायला लावले आणि अगदी सहज म्हणाली, “विसरले की ओ सगळं.” अंकलिपी संपल्यावर तिच्या घरी अक्षर असलेली दुसरी वस्तू कोणती होती? काडेपेटी आणि कॅलेंडर. तिचे विसरणे हा तिचा दोष असल्यासारखे मी तेव्हा मान हलवून पुढे गेले होते.

पुस्तकांच्या बाबतीत सोलापूर अगदीच कोरडे, असे बाहेरची माणसे समजतात आणि आपणही ते हसून मान्य करतो. चादर म्हणा, शेंगाचटणी म्हणा, पुस्तके तिकडे पुण्याला. पण ‘तिलोयपण्णत्ती’सारख्या अवघड प्राकृत ग्रंथाच्या संपादित आवृत्तीचा पहिला भाग १९४३ साली जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला तो सोलापुरातून, ऐन युद्धाच्या कागदटंचाईत. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४१ मध्ये, वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथे भरले होते. २००६ ला पुन्हा भरले तेव्हा अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली, याच गावात जन्मलेले, घरची भाषा तेलुगू आणि पक्ष्यांची, झाडांची, रानाची इतकी नावे मराठीला देणारे की कोशकारांनी थकावे. आयुष्यभर अरण्यात हिंडून ते अखेरीस सोलापूरलाच परतले आणि जून २०२५ मध्ये इथेच गेले. संमेलनाच्या त्या गर्दीत मी होते. ग्रंथदालनात पिशव्या भरून पुस्तके विकत घेणारी माणसे पाहून ऊर भरून आला होता. ती माणसे पुढच्या महिन्यात कुठे गेली, हे मात्र शहरातल्या पुस्तकविक्रेत्यांनाच विचारावे.

मे महिन्यात मी पुन्हा त्या दुकानात गेले. राग निवला होता असे म्हणवत नाही, कुतूहल त्याच्याहून वरचढ झाले होते. शनिवार होता. ‘सोलापूरचे’ या मांडणीशेजारी स्टुलावर एक पांढरी टोपी घातलेले वृद्ध गृहस्थ बसले होते आणि एक पुस्तक इतके मन लावून चाळत होते की मला वाटले, गिऱ्हाईक असावे. ते पुस्तक त्यांचेच होते. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून त्यांची हयात गेली. मिल बंद पडल्यावर त्यांनी मागावरचे शब्द गोळा केले. धोटा, कांडी, फणी, बीम, ताणा हे आपल्याला ठाऊक असलेले आणि शेकडो ठाऊक नसलेले. एकाच वस्तूला मराठी कामगार काय म्हणे, तेलुगू काय म्हणे, कन्नड आणि मुसलमान कामगार काय म्हणत, आणि सुताचा धागा तुटला की कुठल्या भाषेत शिवी निघे, हेसुद्धा. शहाण्णव पानांची पुस्तिका, किंमत एकशेवीस. तीनशे प्रती छापायला एकवीस हजार लागले, ते मुलाने दिले. मुलगा अजून अधूनमधून त्या एकवीस हजारांची आठवण काढतो, असे जॉबरकाका हसत हसत म्हणाले. दर शनिवारी ते दुकानात येतात, प्रती किती उरल्या ते नजरेने मोजतात आणि विचारत मात्र काहीच नाहीत.

दुकानदाराकडे अशा लेखकांसाठी एक लांबट वही आहे. प्रत्येकाला दोन पाने. आल्या, गेल्या, उरल्या. प्रत विकली की सत्तर टक्के लेखकाचे, तीस टक्के दुकानाचे, हिशोब दर महिन्याच्या पाच तारखेला, एक प्रत गेली असली तरी. एकशेवीसमधले चौऱ्याऐंशी काकांना मिळतात, छपाईचे सत्तर वजा केले तर हातात चौदा रुपये. मी थट्टेने म्हटले की चौदा रुपयांत आता चहासुद्धा धड मिळत नाही. त्यावर तो म्हणाला, “बाई, प्रश्न चौदाचा नाही. पाच तारखेला त्यांना बोलावून सही घेतो ना, तेव्हा ते लेखक असतात.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि सवलत मागणारं गिऱ्हाईक आलं की ती माझ्या तीस टक्क्यांतून जाते.” दोनशेच्या पुस्तकावर त्याला साठ सुटतात, गिऱ्हाइकाने वीस टक्के मागितले की चाळीस गेले, उरल्या विसांत भाडे, वीज, पोऱ्याचा पगार. परगावी एखादी प्रत धाडायची तर तो खर्च वेगळाच, कारण नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. मी गेली चाळीस वर्षे प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात ‘किती टक्के?’ हा प्रश्न नमस्काराच्या जागी वापरत आले आहे. भाजीवाल्याकडे घासाघीस करताना वाटणारी लाजही तिथे वाटली नाही, उलट जाणकार असल्याचा आनंद वाटला.

“मग हा धंदा की समाजसेवा?” मी विचारले. प्रश्न सरळ नव्हता. साक्षरतेच्या नावाने पैसे गोळा करायचे आणि पुस्तके आपल्याच दुकानातून घ्यायला लावायची, यात काही खटकण्यासारखे आहे असे मला वाटत होते आणि खरे सांगायचे तर थोडेसे अजूनही वाटते.

“धंदाच,” तो म्हणाला. “समाजसेवा असती तर तुमचं खोकं ठेवून घेतलं असतं.”

त्याची पद्धत अशी. वर्गातल्या ज्या बाया ‘उल्लास’ या सरकारी साक्षरता कार्यक्रमाची चाचणी देतात, वाचन, लेखन, गणित, प्रत्येकी पन्नास गुण, एकूण दीडशे, त्यांना चाचणी झाल्यावर डब्यातून दोनशे रुपयांची एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन स्वतः दुकानात यायचे, स्वतः निवडायचे. अमुकच घ्या असे कुणी म्हणायचे नाही. या पुस्तकांवर तो आपले तीस टक्के घेत नाही, म्हणून दोनशेची चिठ्ठी डब्याला एकशेचाळीसला पडते. दुसऱ्या दुकानातून पुस्तक हवे असेल तर तेही तो मागवून देतो, असे म्हणाला. तशी वेळ अजून आलेली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी, शाळांची गर्दी सुरू होण्याच्या आत, त्या येणार होत्या. मी येऊन बसले तर चालेल का, असे मी विचारले. विद्यार्थ्याची परवानगी मागण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्याआधी घरी खोके पुन्हा उपसले. त्याचा प्रश्न समोर ठेवून एकेक पुस्तक पाहिले आणि ध्यानात आले की माझी आवडती पुस्तके मी सगळीच्या सगळी कपाटात ठेवली होती. खोक्यात घातली ती मी स्वतः न वाचलेली. गौरवग्रंथाची तर पानेही कापलेली नव्हती. दोन दिवाळी अंक ठेवून घेतले, उरलेली चौदा किलो रद्दीवाल्याने बारा रुपये किलोने नेली, एकशेअडुसष्ट रुपये दिले. ते डब्यात टाकले तेव्हा त्याचीही पावती मिळाली. त्यावर त्याने ‘रद्दी विक्रीतून’ असे लिहिले नाही, ही त्याची सभ्यता.

कुंभारीच्या त्या वसाहतीत दहा हजार घरे आहेत, विडी कामगार बायांची. वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे. वारली आदिवासींच्या लढ्यावरच्या ज्या पुस्तकाला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, त्याच्या लेखिका. वर्गाला शिकवणारी मुलगी सांगत होती की बहुतेक जणी आपल्या नावानंतर दुसरा शब्द वाचायला शिकतात तो पत्त्यातला, ‘गोदूताई’. एका लेखिकेचे नाव हजारो बायांच्या विजेच्या बिलावर असते आणि त्या ते बोटाने वाचतात. साहित्याच्या कुठल्याही इतिहासात ही नोंद मला सापडलेली नाही.

अकरा जणी आल्या. दोन सहाआसनी रिक्षांतून. दुकानाच्या पायरीशी सगळ्यांनी चपला काढल्या. दुकानदार “राहू द्या, राहू द्या” म्हणत राहिला, कुणी ऐकले नाही. तंबाखूचा वास त्यांच्याबरोबर आत आला, तो नव्या कागदाच्या वासात मिसळला आणि काही वेळ दुकानाला एक अनोळखी, किंचित खोकला आणणारा गंध राहिला. सुरुवातीला त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, लग्नाच्या मांडवात मुलाकडची माणसे यायच्या आधी मुलीकडच्या बाया उभ्या राहतात तशा. त्यांच्या हातांना रिकामे राहण्याची सवय नाही, बोटे पदराचे टोक वळत होती. मग एकीने एक पुस्तक उचलले, पाठ फिरवून पाहिली आणि मोठ्याने वाचले, “एकशे... साठ.” साऱ्या हसल्या. त्यानंतर सर्वांनी पुस्तके उलटी करूनच पाहायला सुरुवात केली. आकडा त्यांचा जुना ओळखीचा. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा हजार, हे हिशोब त्यांना अक्षराच्या कितीतरी आधीपासून येतात. किमतीकडून नावाकडे, नावाकडून आतल्या पानाकडे असा त्यांचा प्रवास मी पाहत होते, आणि आम्ही अंकलिपी नेमकी उलट्या टोकाने शिकवली की काय, अशी शंका मला आली.

जॉबरकाका रविवार असूनही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. आपल्या मांडणीपाशी त्यांनी दोन प्रती जरा पुढे ओढून ठेवल्या. एका बाईने त्यांतली एक उचलली, मधले पान उघडले, ‘धोटा’ हा शब्द वाचला, शेजारणीला दाखवून तेलुगूत काहीतरी बोलली, आणि पुस्तक होते तिथे परत ठेवले. घरी माग आहे, पुस्तकात कशाला, असे काहीसे ते असावे. काकांनी चष्मा काढून पुसला. एकीने रांगोळीचे पुस्तक घेतले, एकीने स्वामी समर्थांची पोथी, एकीने भूतकथा. ती मात्र झाकून, आमच्याकडे पाठ करून. मला मनातून वाटत होते की कुणीतरी एक चांगली कादंबरी घ्यावी. दोनदा माझा हात पुढे झाला आणि दोनदा मी तो मागे घेतला.

सर्वांत शेवटी निवड केली ती नरसम्माने. साठीच्या पुढची, कपाळावर मोठे कुंकू, लेकीला सातवा महिना. तिने बाळांच्या नावांचे पुस्तक घेतले होते. मुलांची नावे, मुलींची नावे, अर्थासह. काउंटरला टेकून ती मुलींच्या भागात ‘न’ शोधत होती. सापडल्यावर तिचे बोट ओळीखाली सावकाश सरकू लागले. नंदिता. नमिता. नम्रता. नयना. मग एकदम नर्मदा. बोट परत वर गेले, पुन्हा खाली आले.

“माझं नाव न्हाई की ह्यात,” ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, मोजणीत एक विडी कमी भरावी तशी. आणि काउंटरवरचे पेन उचलून तिने नयना आणि नर्मदा यांच्यामधल्या अरुंद पांढऱ्या जागेवर टोक टेकवले. काकांनी मान वर केली.

“अक्का, थांबा,” दुकानदार पावतीपुस्तक ओढत म्हणाला, “आधी बिल होऊ द्या. मग पुस्तक तुमचं, काय लिहायचं ते लिहा.”

ती थांबली, पेन तसेच धरून.